मोलफ्रिडचं सामान

शनिवारी सकाळी क्रिस्तियानसुनमध्ये ऊन पडलं. ऑक्टोबरात आमच्या गावात ऊन पडणं म्हणजे न कळवता पाहुणा येणं. आनंद होतो, पण आधी धांदल उडते. लोक अंथरुणातून उठून खिडकीशी गेले, बाहेर बघून खात्री करून घेतली आणि पावसाचे कोट अंगात चढवूनच घराबाहेर पडले. इथल्या उन्हावर भरवसा ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

सिव्हर्ट इनलांदच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभा होता. काखेत थर्मास, पाठीवर पिशवी, डोक्यावर लोकरीची टोपी. धक्क्यावर आणखी तिघंचौघं होती आणि जो तो दुसऱ्यापासून एवढं अंतर राखून उभा होता की मधून गाय आरामात गेली असती. सिव्हर्टचं सगळं आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलं. त्या गडबडीत लग्न करायचं राहून गेलं. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. मुळात त्याची कशाबद्दलच तक्रार नसायची, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

कारण आज चारच्या आत मोलफ्रिड आपल्या मुलीला होय की नाही ते कळवणार होती.

मोलफ्रिड राहायची समोरच्या बेटावर, नुरलांदला. आमचं गाव बेटाबेटांवर वसलेलं, आणि एक छोटी बोट दिवसभर या बेटांना चकरा मारत असते. ही दोघं गेली चार वर्षं दर शनिवारी त्या बोटीवर भेटायची. ती तिच्या धक्क्यावर चढायची, हा याच्या. मग गावात उतरायचं, वार्डनची टेकडी चढायची, खाली येऊन बंदरावर काहीतरी खायचं, आणि संध्याकाळी आपापल्या धक्क्यावर उतरून आपापल्या घरी जायचं. गावाच्या लेखी ती दोघं एकमेकांची होती. त्यांच्या लेखीही होती. फक्त तसं कुणी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

आता तिची मुलगी हेगे म्हणत होती, आई, ट्रोनहेमला ये. माझ्याच इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय. तुझं वय वाढतंय, मला काळजी वाटते, पण फ्लॅटवाल्यांना शनिवारी चारपर्यंत सांगायला हवं. मोलफ्रिडने हे सगळं गेल्या शनिवारी सिव्हर्टला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"ते तुझं तूच ठरवायला हवं," सिव्हर्ट म्हणाला होता.

आठवडाभर त्याला झोप नव्हती. ती गेली तर आपलं काय होईल, हाच विचार रात्रभर डोक्यात फिरायचा. पण बोलायचं कसं? चार वर्षांपूर्वी, ओळख नवी असताना, वार्डनवरच्या बाकावर बसून मोलफ्रिड म्हणाली होती, "आमचे आर्नफिन होते ना, ते सगळं ठरवायचे. पडदे कुठले, पाव कुठला, मला थंडी कधी वाजतेय तेसुद्धा. तू कशात नाक खुपसत नाहीस. मला तेच आवडतं." आर्नफिन म्हणजे तिचा वारलेला नवरा. झालं! सिव्हर्टने ते वाक्य मनात असं घट्ट बसवून घेतलं की पान्ह्यानेही निघालं नसतं. बाई जे ठरवेल ते बिनबोभाट मान्य करायचं आणि लागेल ती मदत करायची, यालाच तो प्रेम समजत होता.

बोट आली. मोलफ्रिड खिडकीशी बसली होती. शेजारची जागा तिने पिशवी ठेवून धरली होती. ती तिने उचलली.

"ऊन पडलंय," ती म्हणाली.

"पडलंय," सिव्हर्ट म्हणाला.

"टिकेल का?"

"सांगता येत नाही."

बोट गावच्या धक्क्याला लागेपर्यंत एवढंच बोलणं झालं. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात.

वार्डनच्या चढावर रोवनची झाडं लालभडक फळांनी वाकली होती आणि रस्त्यात पिवळ्या पानांचा चिखल झाला होता. सिव्हर्ट अर्धं पाऊल मागे राहून चालत होता. ती घसरली तर धरता यावं म्हणून, पण धरायला चाललोय असं वाटू नये म्हणून. टेकडीवर निम्मं गाव लोटलं होतं. गावात एकमेकांना ओळख न दाखवणारी माणसं इथे टेकडीवर "नमस्कार, नमस्कार" करत होती, कारण टेकडीवर करतात.

दोघं नेहमीच्या बाकावर बसली. सिव्हर्टने थर्मासमधून कॉफी ओतली. मोलफ्रिडने कागदात बांधून आणलेला पाव काढला, त्यावर तपकिरी चीज. खाली सगळी बेटं, मधलं चकाकतं पाणी, रंगीत घरं आणि पलीकडे उघडा समुद्र. ती बराच वेळ बघत राहिली.

"इथून सगळं दिसतं," ती म्हणाली. "ट्रोनहेमच्या त्या फ्लॅटमधून काय दिसेल कुणास ठाऊक."

"नदी दिसेल."

"तुला कसं माहीत?"

"पत्ता शोधून बघितला. नदीकाठीच आहे."

मोलफ्रिडचा पावाचा हात वाटेतच थांबला. तिचा चेहरा जरा उजळलाही. "तू पत्ता शोधून बघितलास?"

"हो. बसचा थांबा दारातच आहे."

"असं."

"दवाखानाही जवळ आहे. सपाट रस्ता. हिवाळ्यात घसरायची भीती नाही."

"वा," मोलफ्रिड म्हणाली आणि पाव खायला लागली. ती कशी खात होती ते बघितलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण सिव्हर्ट समुद्राकडे बघत होता.

थोड्या वेळाने तिने कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं. बिचारीने सरळ विचारलं हो. "सिव्हर्ट, तुला काय वाटतं?"

सिव्हर्टला काय वाटत होतं? जाऊ नकोस, असं वाटत होतं. तू गेलीस तर शनिवार कशाला उगवायचा, असं वाटत होतं. मग त्याला आर्नफिन आठवला, आणि आर्नफिनने ठरवलेले ते पडदे आठवले.

"माझी ट्रॉली रिकामीच आहे," तो म्हणाला.

अरे माणसा! आमच्याकडे गाडीमागे जोडायची ट्रॉली देऊ करणं म्हणजे केवढा जिव्हाळा, हे मला मान्य आहे. इथला पुरुष एखाद्याचं सामान हलवायला शनिवार-रविवार खर्ची घालतो तेव्हा समजावं की त्याचा जीव आहे. पण वेळकाळ काही असतो की नाही?

"ट्रॉली," मोलफ्रिड म्हणाली.

"मंगळवारी नेलेलं बरं. मंगळवारी फेरीबोटीला रांग नसते. आणि तुझं ते काचेचं कपाट घोंगड्यांत गुंडाळून नेऊ. घोंगड्या आहेत माझ्याकडे."

"भरपूर?"

"भरपूर."

"बरी आठवण ठेवलीस," ती म्हणाली आणि उठली. उरलेली कॉफी तिने गवतावर ओतली. कॉफी अजून गरम होती. आमच्याकडे गरम कॉफी कुणी ओतून देत नाही, पण सिव्हर्टला वाटलं, उतरायची घाई असेल.

बंदरावर कागदाच्या पुडीत तळलेला मासा आणि बटाटे घेऊन दोघं पाण्याकडे तोंड करून बसली. ऊन अजून होतं. बाकाबाकांवर माणसं डोळे मिटून, उन्हाकडे चेहरे करून बसली होती, कुणी हलत नव्हतं. मोलफ्रिडचा राग थोडा उतरला होता. तिने स्वतःच्या पुडीतला कुरकुरीत तुकडा उचलून त्याच्या पुडीत टाकला, दर वेळी टाकायची तसा. सिव्हर्टला तो तुकडा बघून एकदम भरून आलं. आता बोलू, असं त्याने ठरवलं. तोंड उघडलं.

तेवढ्यात एलिंग आला. एलिंग सिव्हर्टचा शेजारी. हात खिशात, मान पुढे, आणि काम असल्याशिवाय थांबणार नाही असा माणूस.

"मोलफ्रिड, ऐकलं तू ट्रोनहेमला चाललीस."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सिव्हर्टने गुरुवारी माझ्याकडे दोर मागितले."

मोलफ्रिडने मान वळवून सिव्हर्टकडे बघितलं. "दोर?"

"सामान बांधायला," सिव्हर्ट म्हणाला. "माझे जुने झालेत. रस्त्यात तुटले तर?"

"गुरुवारी? मी अजून काही ठरवलेलंही नाही."

"म्हणूनच. ऐनवेळी धावपळ नको. तू जायचं नाही म्हणालीस तर परत देईन."

"चांगले दोर आहेत," एलिंग म्हणाला. "बरं, मी म्हणत होतो, तुझं ते जेवणाचं टेबल. तिकडे फ्लॅट लहान असणार. माझ्या मुलीला हवंय. नेलं तर चालेल का?"

मोलफ्रिडने पुडी मांडीवर ठेवली. ती सिव्हर्टकडे बघत होती. त्या टेबलावर त्यांनी चार नाताळ एकत्र जेवून काढले होते. एखाद्या शहाण्या माणसाने निदान एवढं म्हटलं असतं, की एलिंग, जरा थांब बाबा.

"टेबलाचे पाय निघतात," सिव्हर्ट म्हणाला. "त्याच फेरीत तुझ्याकडे टाकता येईल."

"मला माहीत नव्हतं त्याचे पाय निघतात," मोलफ्रिड म्हणाली.

"इस्टरला खालून बघितलं होतं मी."

"कशाला?"

"डुगडुगत होतं. पेच आवळले."

"सांगितलं नाहीस."

"तुझं टेबल. म्हटलं, उगाच कशाला."

"घेऊन जा, एलिंग," मोलफ्रिड म्हणाली. "खुर्च्याही घेऊन जा."

एलिंग खूश होऊन गेला. मोलफ्रिडने आपली पुडी उचलली, पाण्याच्या कडेला गेली आणि उरलेला सगळा मासा सीगल पक्ष्यांना टाकला. आमच्या गावात हे भरदिवसा लोकांसमोर करणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच आहे. शेजारच्या बाकावरच्या माणसाने त्यासाठी मिटलेले डोळे उघडले.

"तुला बरं नाही का?" सिव्हर्टने विचारलं.

"आर्नफिन निदान भांडायचे," ती म्हणाली. "पडदे निळेच हवेत म्हणून एकदा दोन दिवस जेवले नव्हते. मला तेव्हा वीट यायचा. पण मी घरात आहे आणि मी असल्याने काहीतरी होतंय, एवढं तरी कळायचं. तुझ्याबरोबर कळत नाही, सिव्हर्ट. मी असले काय, नसले काय."

सिव्हर्टला एवढं लागलं की हातातली पुडी चुरगळली. त्याला म्हणायचं होतं, असं नाही गं. पण तिचं ऐकून त्याला आणखीच वाटलं की आता बोललो तर तो दबाव होईल. चार वाजायला आलेत, बाईने शांत डोक्याने ठरवायला हवं, आणि आपण मध्ये रडगाणं गायचं? हे बरं नाही. म्हणून त्याने पुडी नीट घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. कागद वेगळ्या डब्यात.

परतीच्या बोटीवर ऊन कलत आलं होतं. गारठा वाढला होता, म्हणून सगळे आतच बसले होते. पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात घेऊन एक आजीबाई, सारख्या टोप्या घातलेलं एक मध्यमवयीन जोडपं, आणि एक माणूस मांडीवर कुत्रं घेऊन. सगळे खिडक्यांतून बाहेर बघत होते. आमच्याकडे बोटीत बाहेरच बघायचं असतं. दुसऱ्याकडे बघणं चांगलं दिसत नाही.

बोट सुटली तशी मोलफ्रिडने फोन काढला. तिला कानाने जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा. पलीकडचं माणूस सगळ्या बोटीशी बोलायचं.

"हेगे," ती म्हणाली. "मी येते."

"आई! खरंच?" हेगेचा आवाज बोटभर घुमला. "नक्की ना?"

"नक्की. मंगळवारी सामान येईल. सिव्हर्टने सगळं बघितलंय. ट्रॉली आहे, घोंगड्या आहेत, दोर आहेत."

"किती चांगला आहे गं तो! आहे का तिथे? दे ना त्याला."

मोलफ्रिडने त्याच्याकडे न बघताच फोन पुढे केला. सिव्हर्टने तो दोन्ही हातांनी घेतला, जसा काही भरलेला कप असावा.

"सिव्हर्ट? हेगे बोलतेय. मनापासून आभार हं तुझे." आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. "खरं सांगू? मला तुझीच धास्ती होती. म्हटलं, हा आईला सोडणार नाही, आणि मग तिच्या जिवाची ओढाताण होईल. पण आई म्हणाली, त्याचं काही नाही, त्याला काही फरक पडत नाही. ऐकून एवढं हायसं वाटलं मला!"

सिव्हर्टने फोन कानाला लावला होता. खरं तर लावायची गरज नव्हती.

"पडतो," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"फरक पडतो."

कांद्याची पात घेतलेली आजी खिडकीतून आणखीच मन लावून बाहेर बघायला लागली.

"खूप पडतो," सिव्हर्ट म्हणाला. एकदा झाकण निघालं, मग त्याला थांबवता येईना. "मला ती जायला नकोय. एका माणसाचं सूप मला करता येत नाही, उरतं. शनिवारी ती अकराच्या बोटीने येते आणि मी पहाटेच उठून बसतो. बाकीचे दिवस मी शनिवारची वाट बघण्यात काढतो. ट्रॉली मी दिली कारण द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं? दोर मागून आणले आणि रात्री ते मांडीवर घेऊन बसून राहिलो. मागची खोली मी रिकामी केली, तिच्या शिलाई मशीनसाठी. खिडकीशी उजेड चांगला येतो. भिंती घासून रंगवल्या. दोन वर्षं झाली त्याला. तिला विचारायचं राहून गेलं. ती कधी घरी आली की त्या खोलीचं दार लावून घेतो, दिसायला नको म्हणून. मला ती माझ्याकडे हवी आहे, हेगे. मला फार वाईट वाटतंय."

इंजिनाचा आवाज उतरला होता. ते सिव्हर्टच्या लगेच ध्यानात आलं, कारण इंजिनं हा त्याचा प्रांत. चालवणाऱ्याने वेग कमी केला होता, आणि त्याचं दार किलकिलं होतं.

"सिव्हर्ट," हेगे हळू आवाजात म्हणाली, "हे तू आईला सांगितलंयस का?"

"नाही."

"मग सांग ना तिला!"

"ती इथेच बसली आहे," सिव्हर्ट म्हणाला.

त्याने फोन खाली केला. मोलफ्रिड समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती. पिशवीचे बंद तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

"कुठला रंग?" तिने विचारलं.

"काय?"

"खोलीला. कुठला रंग दिलास?"

"पिवळा. फिका पिवळा."

"पिवळा मला आवडत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत कसं असणार? विचारावं लागतं, सिव्हर्ट. विचारलं म्हणजे माणूस आर्नफिन होत नाही."

सिव्हर्टने एकदा आजूबाजूला बघितलं. सगळी बोट आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती. टोप्यांच्या जोडप्यातल्या बाईने नवऱ्याचा हात धरला होता आणि नवरा बिचारा बावरला होता. कुत्रं तेवढं सरळ सिव्हर्टकडे बघत होतं.

"राहशील?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"त्या खोलीत. म्हणजे घरात." त्याने घसा साफ केला. "म्हणजे माझ्याजवळ. जाऊ नकोस, मोलफ्रिड."

तेवढ्यात बोट इनलांदला लागलीसुद्धा. चालवणारा बाहेर आला, दोर खुंटाला अडकवला आणि फळी टाकली. उतरायला कुणी उठलं नाही. ज्यांना तिथे उतरायचं होतं तेही उठले नाहीत.

"राहीन," मोलफ्रिड म्हणाली. "पण तो रंग काढायचा."

"आई?" फोनमधून हेगे म्हणाली. "हॅलो? मी अजून इथेच आहे."

दोघांनाही ते ऐकू आलं नाही.

"मग कुठला हवा?" सिव्हर्टने विचारलं.

"हिरवा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सिव्हर्टने खिशातून रुमाल काढला. तो इंजिन पुसायचा होता, तेलकट. दुसरा आहे का म्हणून त्याने सगळे खिसे चाचपले. नव्हता. मग त्याने त्याचाच त्यातल्या त्यात स्वच्छ कोपरा वर करून तो तिच्यापुढे धरला, आणि तिने घेतला.